बाईंची शिस्त

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी सुधाबाई खांबेटे यांना शांत होण्याचा सल्ला चहूबाजूंनी मिळत होता. डॉक्टर रक्तदाबाचं कारण सांगत. बेंगळुरूला असलेला मुलगा अमित फोनवर म्हणे, "आई, सगळ्या जगाचा वर्ग तुझ्याकडे नाहीये." आणि नवरा मुकुंदराव बँकेतून निवृत्त झाल्यापासून प्रवचनांच्या नादी लागलेले, ते तर उठता-बसता सांगत, "सुधा, उतारवयाचा अर्थ एकच. मनात करुणा ठेवायची आणि कुणाच्या भानगडीत पडायचं नाही."

"न पडता ठेवायची तर कुठे ठेवायची ती करुणा? फ्रीजमध्ये?" सुधाबाई विचारत. मुकुंदराव हात जोडून डोळे मिटत. त्यांचे ते मिटलेले डोळे बघितले की बाईंचा पारा आणखी चढे.

सुरतेतल्या एका मराठी शाळेत त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. गिरणीत, मागावर, डाइंगमध्ये राबणाऱ्या खानदेशी माणसांची पोरं त्यांच्या हाताखालून गेली. बाई कडक म्हणून नाव होतं, आणि त्या नावाचा त्यांना अभिमान होता. पोरं वळण लागून बाहेर पडली, कुणी बँकेत लागलं, कुणी दुकान टाकलं, याचं श्रेय त्या मनातल्या मनात आपल्या शिस्तीला देत.

दिवाळीला पंधरा दिवस उरले असताना त्यांतलाच एक विद्यार्थी दारात उभा राहिला. वाल्मिक पाटील. चाळिशीतला, अंगानं भरलेला, मनगटात जाड कडं. आल्या आल्या त्यानं वाकून पाय धरले.

"बाई, पलसाण्याला नवी शेड घेतली. आतापर्यंत दुसऱ्यांकडे घडीकामाचा ठेका घेत होतो, आता स्वतःची जागा झाली. रिबीन तुमच्या हातानं कापायची. शेठ लोक येणार आहेत. त्यांना दाखवायचंय, मला कुणी घडवलं ते."

सुधाबाईंचा ऊर भरून आला. डिंडोलीच्या एका खोलीत पाच भावंडांत वाढलेला पोरगा, पाढे म्हणताना अडखळायचा. त्यांनी आवर्जून ठेवणीतली नारायणपेठ काढली. मुकुंदरावांना त्या दिवशी मंडळात व्याख्यान ऐकायला जायचं होतं, म्हणून वाल्मिकनं पाठवलेल्या गाडीतून त्या एकट्याच गेल्या.

शेड हायवेपासून थोडी आत होती. शेजारी डाइंग मिलची चिमणी, हवेत वाफेचा आणि रसायनाचा उग्र वास, वर तापलेले पत्रे. मिलमधून रंगून आलेल्या साड्या इथं तपासायच्या, लोंबणारे धागे कापायचे, घडी घालून पाकिटात भरायच्या, असं काम. पस्तीस-एक बायका जमिनीवर रांगेत बसून ते करत होत्या. रिबीन कापली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच हात पुन्हा कामाला लागले. दिवाळीचा माल निघायचा होता.

मग हार, शाल, श्रीफळ. वाल्मिकनं माइक हातात घेऊन गुजराती आणि मराठीच्या मिश्रणात भाषण केलं. "आ मारा गुरू छे. यांनी मला शिस्त शिकवली. माझ्याकडे जे काय आहे ते या बाईंमुळे." शेठ लोकांनी मान डोलावली. बाईंनी पदरानं डोळे टिपले.

बाईंना साखरेचाही आजार होता, आणि त्या आजारात फार वेळ लघवी धरवत नाही. फराळाच्या बशा फिरू लागल्या तशा सुधाबाई उठल्या आणि कुणाला न विचारता, बायका असतील तिथेच सोय असणार या हिशेबानं शेडच्या मागच्या टोकाला गेल्या. तिथे एक दार होतं. दारावर बाईचं चित्र होतं. आणि कडीला कुलूप होतं.

दाराशी एक बाई भिंतीला टेकून उभी होती. साठी उलटलेली, वाळलेली, कपाळावर गोंदण. दोन्ही हात पोटाशी घट्ट धरलेले. तोंडावर घाम.

"काय झालं हो? बरं नाही का?" सुधाबाईंनी विचारलं.

"काही नही, बाई." ती ओशाळली. "कुलूप लायेल शे. चाबी लखनजोडे शे."

"मग मागा की."

"टाइम नही व्हयना अजून."

"कसला टाइम?"

तिनं सांगितलं ते ऐकून आपल्या कानांवर बाईंचा विश्वास बसेना. कुलूप दिवसातून दोनदा उघडत होतं. साडेअकराला एकदा आणि चारला एकदा. बायकांनी रांग लावायची. मध्ये कुणाला लागली तर लखन सुपरवायझरला विचारायचं, आणि लखन बहुतेक वेळा नाहीच म्हणायचा. आज समारंभामुळे साडेअकराची पाळीही चुकली होती. आता पाऊण वाजत आला होता.

"मी सकायपासीन पानीच पेत नही, बाई," ती म्हणाली. "पिसन काय करसू? मंग जावानं पडस. पन या वयमा धीर निंघत नही."

तिचं नाव भागीरथी. जेवढं वय सुधाबाईंच्या धाकट्या बहिणीचं, तेवढंच तिचं. ऑक्टोबरच्या उन्हात, तापलेल्या पत्र्याखाली ही बाई दिवस दिवस पाणी पीत नव्हती, आणि दहा पावलांवर शेठ लोक थंड बाटल्या उघडून अर्ध्या टाकून देत होते.

सुधाबाईंनी खणखणीत आवाजात हाक मारली, "लखन कोण आहे इथे?"

तिशी-पस्तिशीचा एक माणूस धावत आला. चावी त्याच्या पट्ट्याला अडकवलेली होती. "अरे बेन, तुम्ही इकडे कुठे? तुमच्यासाठी ऑफिसात सोय छे ने, एसीवाला. चला."

"मला नको. हे उघड. आधी या जातील."

लखन चुळबुळला. "एकीला उघडलं की सगळ्या उठतात, बेन. मग लाइन तुटते. वाल्मिकशेठे ना पाडी छे."

"चावी इकडे दे."

"शेठला पूछून येतो..."

तो वळतोय तोवर भागीरथीच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. ती भिंतीला धरून खाली बसली. जमिनीवर ओल पसरली. पसरत पसरत ती शेजारी रचून ठेवलेल्या घड्यांच्या थप्पीला लागली. लखन ओरडला, "अरे माल! माल बगड्यो!" आणि त्यानं साड्यांची थप्पी दोन्ही हातांनी उचलून बाजूला घेतली. बाईला कुणी उचललं नाही. रांगेतल्या बायकांनी बघितलं आणि माना खाली घातल्या. एक शेठ मात्र बशी हातात घेऊन मान उंचावून पाहत राहिला.

भागीरथी तोंड पदरात लपवून नुसती म्हणत होती, "माफ करा, माफ करा." कुणाची माफी मागत होती ती! सुधाबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. त्यांनी खांद्यावरची सत्काराची शाल काढली, भागीरथीला हाताला धरून उठवलं, तिच्या कमरेभोवती ती गुंडाळून गाठ मारली आणि तिला घेऊन सरळ त्या एसीच्या ऑफिसात गेल्या. तिथल्या संडासात तिला पाठवलं, आणि बाहेर दाराशी स्वतः उभ्या राहिल्या.

वाल्मिक लगबगीनं आला. "बाई, तुम्ही कशाला... मी कुणाला तरी सांगितलं असतं."

"वाल्मिक, बायकांच्या संडासाला कुलूप कुणाच्या हुकमानं लावलंस?"

तो जरासुद्धा चपापला नाही. खुर्ची पुढे सरकवून, लहान मुलाला समजवावं तशा सुरात म्हणाला, "बाई, तुम्हाला या लाइनीचं माहीत नाही. पाच मिनिटं म्हणून जातात नि अर्धा तास गप्पा मारत बसतात. मोबाइल बघतात. एक उठली की चार उठतात. शिस्त नको का? आणि बाई, ही शिस्त मी कुठून शिकलो? तुमच्याचकडून की."

"माझ्याकडून?"

"आता बघा, विसरलात!" वाल्मिकला हसू आलं. मनापासून, प्रेमानं. "चौथीत तुम्ही तास चालू असताना एकालाही बाहेर सोडत नव्हता. कुणी करंगळी वर केली की म्हणायचा, 'घरून जाऊन यायचं. शाळा म्हणजे धर्मशाळा नाही.' ती सुषमा आठवते का? दुसऱ्या बाकावरची, दोन वेण्यांची. सहामाहीच्या पेपराला तीनदा उठली, तीनदा तुम्ही बसवलं. मग तिची बाकावरच झाली. सगळा वर्ग हसला. तुम्ही तिला फरशी पुसायला लावली. बाई, त्या दिवसापासून आमच्या वर्गात एकानं करंगळी वर केली नाही! ती काय, पुन्हा शाळेत आलीच नाही. पण बाकीचे आम्ही सुधारलो."

सुधाबाईंनी पुढे सरकवलेली खुर्ची बाजूला सारली.

त्यांना आठवलं. सुषमा आठवली, तिच्या वेण्यांना बांधलेल्या लाल रिबिनी आठवल्या, आणि तेवढ्यावर आठवण थांबली नाही. त्या दुपारी शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना हीच गोष्ट त्यांनी हसत हसत सांगितली होती, आणि सगळे हसले होते, तेही आठवलं. ती पुन्हा का आली नाही, याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या फुल्या मारल्या आणि पुढच्या वर्षी नाव कमी केलं.

"वाल्मिक," त्या म्हणाल्या, "ती शिस्त नव्हती. माझी चूक होती. मुजोरी होती माझी."

"असं काय बोलता, बाई! तुमचा मोठेपणा आहे हा." त्यानं पुन्हा वाकून पाय धरायला हात पुढे केले. सुधाबाईंनी पाय मागे घेतले.

त्यांनी त्याची गाडी नाकारली. हायवेवर येऊन भागीरथीबरोबर शेअर रिक्षात बसल्या. भागीरथी सगळ्या वाटेत बाहेर बघत होती. लखननं तिला सांगितलं होतं, उद्यापासून यायचं नाही. डिंडोलीत उतरताना ती शाल सोडू लागली, तेव्हा बाईंनी तिचा हात धरला. "राहू दे. उद्या सकाळी आठला इथेच थांब. आपण दोघी जाऊ."

"माले कामवर लेवाव नहीत ते, बाई."

"मला कुठे कामावर घेतलंय? तरी मी जाणार आहे."

घरी आल्यावर मुकुंदरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुस्कारा टाकला. "वाईट आहे. फार वाईट. पण सुधा, आपलं वय काय! आपण प्रार्थना करू शकतो. आजच्या व्याख्यानात छान सांगितलं, दुसऱ्याचं दुःख पाहून क्षोभ झाला तर तो आपला अहंकार असतो."

"असेल माझा अहंकार!" सुधाबाई कडाडल्या. "आणि त्या बाईचं काय होतं? तिचा मूत्राशय अहंकारी आहे? साठ-पासष्ट वर्षांच्या बाईनं पाणी न पिता राबायचं आणि आपण एसीत बसून करुणेवर व्याख्यानं ऐकायची? आणि माझं काय हो? मी नऊ वर्षांच्या पोरीला फरशी पुसायला लावली. शाळेतून घालवली. आणि चौतीस वर्षं आदर्श शिक्षिका म्हणून मिरवले! मला शांत व्हायला सांगू नका. मी शांत होते, म्हणून तर हे झालं."

मुकुंदरावांनी सवयीनं हात जोडले. डोळे मात्र त्यांनी मिटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी साडेआठला सुधाबाई भागीरथीसह शेडमध्ये हजर झाल्या. प्लास्टिकची एक खुर्ची ओढून त्या कुलूप असलेल्या दारासमोर बसल्या आणि लखनला म्हणाल्या, "चावी दे. ज्यांना जायचंय त्या जातील. वेळ मी बघते." लखननं वाल्मिकला फोन लावला. कालच सगळ्या शेठ लोकांसमोर जिला गुरू म्हणून मिरवलं, तिला आज हाकलायचं कसं? तो फोनवर चडफडला, पण चावी दिली गेली.

बायका आधी उठेनात. मग एक उठली, मग दुसरी. बाई मनगटावरच्या घड्याळात पाहत होत्या. तीन मिनिटं. चार मिनिटं. एका पोटुशीला सहा लागली. अर्धा तास कुणालाच लागला नाही. गप्पा मारायला आत होतं तरी काय? एक पिचका नळ आणि बिनदिव्याचा अंधार. दुपारपर्यंत भागीरथी मधल्या रिकाम्या जागी बसून घड्या घालू लागली होती, आणि तिला कुणी उठवलं नाही. त्या दिवशी पाण्याचा माठ दोनदा भरावा लागला.

असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी फाटकावर वॉचमन आडवा आला. "अंदर जाने का मना है, माताजी. और इनको भी." तेवढ्यात वाल्मिकचा फोन आला. त्याचा आवाज बदललेला होता. "बाई, तुमचा मान मी ठेवला. आता पुरे. कुलूप पुन्हा लावलंय. मिलवाले विचारतात, तुझ्या शेडमध्ये म्हातारी कोण बसते, युनियनची का? माझा धंदा बसेल. तुम्ही घरी आराम करा."

"कुलूप काढ, मी आत्ता घरी जाते."

त्यानं फोन ठेवला.

दोघी फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. ट्रक जात होते, धूळ उडत होती. भागीरथी सारखी म्हणत होती, "बाई, चाला घर, तुमले चक्कर येवाव." सुधाबाई हलल्या नाहीत. त्यांचा संताप अजून धगधगत होता. पण त्या संतापाला एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच योग्य जागा सापडली आहे, असं त्यांना वाटत होतं. आजवर तो दुबळ्यांवर निघाला होता.

अकराच्या सुमाराला स्कूटर येऊन थांबली. मुकुंदराव. डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बाटली आणि रक्तदाबाची गोळी. "सकाळची गोळी विसरलीस," ते म्हणाले. सुधाबाईंनी गोळी घेतली आणि वाट पाहिली, आता उपदेश येणार. मुकुंदराव फाटकाकडे बघत होते. त्यांनी भागीरथीला विचारलं, "तीन दिवस उघडं होतं, आज पुन्हा कुलूप लावलं?"

"लाय, भाऊ."

मुकुंदराव सरळ फाटकाशी गेले. लखन आत उभा होता. एकतीस वर्षं बँकेत ज्या आवाजानं त्यांनी लोकांना परत पाठवलं होतं, तो आवाज त्यांनी काढला. "सुपरवायझर कोण? तुम्ही? मला लेखी द्या."

"काय लेखी, काका?"

"की या शेडमध्ये बायकांना साडेअकरा आणि चार सोडून संडासला जायला मनाई आहे. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट. मिळालं की आम्ही जातो. फक्त तो कागद मी कामगार खात्याच्या ऑफिसात घेऊन जाणार. कागदाशिवाय मी हलत नाही, माझी सवयच आहे."

लखन गांगरून आत पळाला. हा आवाज आत रांगेपर्यंत ऐकू गेला असावा. कारण थोड्या वेळानं ती पोटुशी बाई बाहेर आली. वॉचमननं अडवलं तर ती म्हणाली, "आत जागा नाही, म्हणून उघड्यावर जायला आले." तिच्यामागून दुसरी आली. मग आठ-दहा. मग सगळ्याच. कुणी घोषणा दिली नाही. त्या फाटकाजवळच्या सावलीत येऊन बसल्या, आणि आपापल्या बाटल्यांतलं पाणी एकमेकींना देऊन सगळ्यांदेखत घटाघटा प्यायल्या.

माल न्यायला आलेला टेम्पो उभा होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. दुपारी दीडला वाल्मिक स्वतः गाडीतून उतरला. बाईंकडे त्यानं पाहिलं नाही. आत गेला, आणि बाहेर आला तेव्हा कुलूप त्याच्या हातात होतं. ते त्यानं बाईंच्या पायाशी टाकलं.

"घ्या. तुमच्याच विद्यार्थ्याची बेइज्जती केलीत. या वयात शोभलं नाही तुम्हाला."

"शोभायचं राहू दे," सुधाबाई म्हणाल्या. "सुषमा कुठे असते, माहीत आहे का तुला?"

त्याला हे अपेक्षित नव्हतं. क्षणभर तो चौथीतल्यासारखा उभा राहिला. "नाही," तो म्हणाला. "तिचे वडील तिला गावाला सोडून आले. लग्न लवकर केलं म्हणे." मग तो गाडीत बसून निघून गेला.

दार उघडं राहिलं, आणि आतून कडी बसवली गेली. भागीरथीला वाल्मिकनं मात्र परत घेतलं नाही. मालावर डाग पाडला, हे कारण. दिवाळीनंतर तिला दुसरीकडे काम मिळालं, पण ती खंत सुधाबाईंना जाळत राहिली. वाल्मिकनं दिवाळीला मिठाईचा पुडा पाठवला नाही. सुषमाचा शोध बाईंनी डिंडोलीतल्या चार गल्ल्यांत घेतला. सुषमा नावाच्या बायका तीन सापडल्या, ती कुठलीच नव्हती. ती सापडली असती, तरी 'माफ कर' म्हणून काय परत मिळालं असतं तिला?

पण त्या शोधात एक झालं. त्या गल्ल्यांतल्या बायकांना बाई माहीत झाल्या. देवदिवाळीनंतरच्या रविवारी भागीरथीनं त्यांना आणि मुकुंदरावांना घरी बोलावलं. तिची सून जयश्री चहा करत होती. तेवढ्यात दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. आत यायला संकोचत होत्या.

"बाई तुम्हीच ना? पलसाण्याच्या कुलूपवाल्या?" एकीनं विचारलं. "आमच्या कारखान्यात कुलूपच नाही, बाई. कारण संडासच नाही. आम्ही कंपाउंडच्या मागे जातो, दोघी दोघी मिळून. मागच्या आठवड्यात कुणीतरी मोबाइलवर फोटो काढले."

सुधाबाईंचा कप बशीवर आपटला. मुकुंदराव आता शांत राहायला सांगतील म्हणून त्यांनी वळून पाहिलं, तर ते खिशातून पेन काढत होते.

"बसा आधी, आत या," सुधाबाई त्या बायकांना म्हणाल्या. "जयश्री, यांना पाणी दे. आणि आता नीट सांगा, कारखाना कुठे आहे?"

"इच्छापोरला."

"इच्छापोर," मुकुंदरावांनी लिहून घेतलं. "तिकडे सकाळी पहिली बस किती वाजता असते?"